दंतवैद्याची सुई आणि मुलाचें वजन

उन्हाळ्याची सुट्टी लागली, कीं आम्हां दंतवैद्यांच्या दवाखान्यांत मुलांची रीघ लागते. वर्षभर शाळा, परीक्षा आणि घरांतील मुंजी-लग्नें यांच्या धांदलींत मुलाच्या किडलेल्या दाढेकडे पाहण्यास कोणास सवड होत नाहीं. दाढ ठणकूं लागली म्हणजे लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवावयाचा, आणि मूल झोपीं गेलें म्हणजे ती गोष्ट विसरून जावयाची, हा बहुतेक घरांतील परिपाठ. मग मूल आजोळीं येतें, आमरस दाढेंत शिरतो, रात्रभर घर जागें राहतें, आणि दुसरे दिवशीं सकाळीं आजी, आई व मामा असा सारा लवाजमा दवाखान्याची पायरी चढतो.

अशाच एका लवाजम्याशीं कांहीं वर्षांपूर्वीं माझा जो संवाद झाला, तो सांगितल्यावांचून पुढील विवेचनास सुरुवात करवत नाहीं. मुलगा पांच वर्षांचा. दुधाच्या दाढांपैकीं चार पार किडलेल्या. उजव्या बाजूस वरची एक व खालची एक, डाव्या बाजूसही तशाच दोन. दुखत होती ती उजवीकडची खालची. पण राखण्यासारखी त्यांतील एकही उरली नव्हती. मामा मोठे उरकते गृहस्थ. ते म्हणाले, "डॉक्टर, चारही आजच काढून टाका. परवां ही मंडळी बंगळुरास परत जाणार. पोराला पुन्हां पुन्हां रडविण्यापेक्षां एकदांच काय तें होऊन जाऊं द्या. एक सुई देतां तशा चार द्या."

मीं विचारलें, "मुलाचें वजन किती?"

तिघेंही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. आजीबाईंना वाटलें, मी त्यांच्या नातवाच्या किडकिडीत अंगलटीवर कांहीं बोलत आहें. त्या म्हणाल्या, "काय करावें हो, कांहीं खातच नाहीं मेला!" मामा हंसून म्हणाले, "दाढ काढावयाची आहे कीं गूळ तोलावयाचा आहे?" शेवटीं दवाखान्यांतील कांट्यावर मुलाला उभें केलें. कांट्यानें पंधरा किलो दाखविले. त्याबरोबर मीं सांगून टाकलें, कीं आज दोनच दाढा काढतां येतील, त्याही एकाच बाजूच्या. उरलेल्या दोन आठ दिवसांनीं. मामांच्या चेहऱ्यावरील नाराजी मला अजून आठवते. फी दोनदां घेण्यासाठीं डॉक्टर दिवस लांबवीत आहे असें त्यांच्या मनांत आलें असावें. आणि तसें मनांत येण्यास आमच्या धंद्यांतील कांहीं लोकांनीं जागा करून ठेवलेली आहे, हेंही मला कबूल केलें पाहिजे. परंतु त्या दिवशींचें कारण निराळें होतें, आणि तें घरोघर माहीत असावें असें मला वाटतें.

दांत काढण्यापूर्वीं हिरडींत जें औषध टोंचतात, त्यास पुष्कळ लोक "भूल" म्हणतात. हा शब्द येथें लागू नाहीं. भूल दिली म्हणजे माणसाची शुद्ध जाते. या औषधानें शुद्ध कायम राहते व तेवढाच भाग बधिर होतो. नांवाच्या या घोटाळ्यामुळें दोन उलट प्रकारच्या चुका होतात. कांहीं लोक "भूल" हा शब्द ऐकल्याबरोबर नको तितके भितात. आणि "भूल नव्हे, नुसती बधिर करण्याची सुई" असें सांगितलें, कीं तेच लोक, जणूं कांहीं पिचकारींत गुलाबपाणीच भरलें आहे, असे निर्धास्त होतात. दुसरी चूक पहिलीपेक्षां वाईट.

हल्लीं आपल्याकडील दंतवैद्य बहुशः जें औषध वापरतात, त्याचें नांव लिग्नोकेन. अमेरिकेंत त्यासच लिडोकेन म्हणतात. दाढेची वेदना मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते ती एका प्रकारच्या विजेच्या लहरीनें. ही लहर पुढें सरकण्यासाठीं मज्जातंतूच्या आवरणांत अतिसूक्ष्म दारें असतात, व त्यांतून सोडियमचे विद्युत्‌भारित कण आंत शिरतात. लिग्नोकेन हीं दारें आंतल्या बाजूनें बंद करतें. दारें बंद झालीं कीं लहर जागच्या जागीं थांबते. मग दाढ उपटली तरी मेंदूस त्या वेदनेचा पत्ता लागत नाहीं. औषध रक्ताबरोबर वाहून गेलें, कीं दारें पुन्हां उघडतात व बधिरता जाते. योजना इतकी साधी आहे. मात्र अशींच दारें मेंदूंतील पेशींनाही आहेत आणि हृदयाच्या स्नायूंनाही आहेत, आणि दाढेचा मज्जातंतु कोणता व हृदय कोणतें हें ओळखण्याची अक्कल औषधास नाहीं.

हिरडींतून तें रक्तांत थोडें थोडें झिरपत असतें, तोंवर यकृत त्याचा निकाल लावीत राहतें. पण एकदम पुष्कळसें रक्तांत गेलें तर कानांत गुणगुण होते, ओठांभोंवतीं मुंग्या येतात, तोंडास धातूची चव येते, बोलणें जड होतें. त्यापुढें हातापायांस झटके व आंचके येतात. आणि मात्रा त्याहूनही अधिक झाली, तर श्वास व हृदयाची क्रिया थांबण्याची पाळी येते. मोठें माणूस निदान "कांहीं तरी चमत्कारिक वाटतें आहे" असें सांगूं शकतें. लहान मुलाला कानांतील गुणगुण सांगतां येत नाहीं. तें पुष्कळदां नुसतें पेंगुळतें, आणि भोंवतालचीं माणसें म्हणतात, "बरें झालें, शांत झालें एकदांचें!"

हें ज्ञान सुखासुखीं मिळालेलें नाहीं. या औषधांचें मूळ पुरुष म्हणजे कोकेन. जर्मनींतील गटिंगेन येथें आल्बर्ट नीमन यानें तें कोकाच्या पानांतून वेगळें काढलें, व त्यानें जीभ बधिर होते असें १८६० सालीं नमूद करून ठेवलें. परंतु त्याचा वैद्यकांत उपयोग होण्यास पुढें चोवीस वर्षें जावीं लागलीं. १८८४ सालीं व्हिएन्ना येथील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरानें कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर होतो हें दाखविलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्क येथें विल्यम हॉल्स्टेड यानें खालच्या जबड्याचा मज्जातंतु कोकेन टोंचून बधिर केला. आज खालची दाढ काढतांना आम्ही गालाच्या आंत, अगदीं मागें जी सुई देतों, तिचा मूळ कर्ता हाच. हॉल्स्टेड व त्याचे सहकारी हे प्रयोग स्वतःच्या अंगावर करीत, आणि त्यांतच ते कोकेनच्या व्यसनांत सांपडले. हॉल्स्टेड पुढें अमेरिकेंतील अग्रगण्य शस्त्रवैद्य म्हणून नांवारूपास आला खरा. पण कोकेनचें सावट निघण्याऐवजीं त्याच्या जोडीस मॉर्फिनचें व्यसन आलें. इकडे तीव्र कोकेन टोंचल्यामुळें रोगी दगावूं लागले. तेव्हां पॅरिसच्या पॉल रेक्ल्यू यानें औषध पातळ करा, पातळ द्रावणानेंही काम भागतें, असें आग्रहानें प्रतिपादन केलें. औषध तेंच, हात तेच, फक्त प्रमाण बदललें आणि धोका घटला. ही गोष्ट मला त्या साऱ्या शोधांइतकीच मोठी वाटते.

पुढें आइनहॉर्न याचें नोव्होकेन १९०५ सालीं ब्राउन या जर्मन शस्त्रवैद्यानें प्रचारांत आणलें, आणि जवळजवळ चाळीस वर्षें दंतवैद्यांचें सर्व काम त्यावर चाललें. लिग्नोकेन हें १९४३ सालीं स्वीडनमध्यें नील्स लोफग्रेन यानें तयार केलें. त्याचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यानें तें स्वतःच्याच शरीरांत टोंचून पाहिलें, आणि १९४८ सालीं तें बाजारांत आलें. कोकेनपेक्षां तें पुष्कळच निर्धोक. व्यसन तर त्याचें लागतच नाहीं. पण निर्धोक म्हणजे अमर्याद नव्हे.

आतां मामांच्या गुळाच्या तराजूकडे वळूं. दवाखान्यांतील लिग्नोकेन बहुधा दोन टक्क्यांचें असतें, म्हणजे त्याच्या एका मिलिलिटरांत २० मिलिग्रॅम औषध. सावध दंतवैद्य लहान मुलांत शरीराच्या दर किलो वजनामागें ४.४ मिलिग्रॅम ही एका वेळची कमाल मर्यादा धरतात. पंधरा किलोंच्या मुलास ही मर्यादा ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिलिलिटर. हें औषध १.८ मिलिलिटरच्या कांचेच्या लहान नळींतही येतें. तिला कार्ट्रिज म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळांत हार्वे कुक या अमेरिकन लष्करी डॉक्टरानें बंदुकीच्या काडतुसावरून ही युक्ति बसविली, असें सांगतात. अशा दोन नळ्या पूर्ण दिल्या तर ७२ मिलिग्रॅम होतात. म्हणजे दुसरी नळी संपण्यापूर्वींच त्या मुलाची मर्यादा ओलांडली गेली! आणि मामांना तर चार सुया हव्या होत्या. खालच्या दोन दाढांना एकेक नळी व वरच्या दोहोंस मिळून दोन मिलिलिटर एवढें धरलें, तरी ५.६ मिलिलिटर, म्हणजे ११२ मिलिग्रॅम झाले. ॲड्रिनलिन मिसळलेल्या औषधाच्या पत्रकांत किलोमागें ७ मिलिग्रॅमची सैल मर्यादा दिलेली असते. त्या हिशेबानें १०५ होतात. म्हणजे सैल मापानेंही तो बेत बसत नव्हता.

याच गणितांत मामांना बसवून पाहा. साठ किलोंच्या माणसास ४.४ च्या हिशेबानें २६४ मिलिग्रॅम, म्हणजे सात नळ्या. सात नळ्या लागण्याचा प्रसंग दंतवैद्याच्या आयुष्यांत क्वचितच येतो. म्हणूनच मोठ्या माणसांच्या बाबतींत हा हिशेब कोणी मोठ्यानें बोलून दाखवीत नाहीं, आणि लोकांची समजूत होते, कीं असा हिशेबच नसतो. मोठ्यांच्या दाढा काढण्याच्या संवयीनें एखाद्या दंतवैद्याचा हात मुलाच्या तोंडांतही तसाच चालला, तर त्याला वेळेवर अडविणारें तिसरें माणूस त्या खोलींत मुलाच्या आईवांचून दुसरें कोण असतें? "डॉक्टर, याचें वजन पंधरा किलो आहे" एवढें वाक्य तिनें आपण होऊन उच्चारावें. त्यांत डॉक्टरचा कांहीं अपमान नाहीं. मी तरी तो मानणार नाहीं.

मुलास झोंप किंवा गुंगी येण्याचें औषधही त्याच बैठकींत द्यावयाचें असेल, तर हें गणित अधिकच काटेकोर केलें पाहिजे. दोन्ही औषधें मेंदूवर एकाच दिशेनें ओढतात, आणि गुंगींत असलेल्या मुलाचीं धोक्याचीं पहिलीं चिन्हें कोणाच्या लक्षांतही येत नाहींत. अशा वेळीं मुलाच्या श्वासाकडे व नाडीकडे पाहण्याखेरीज दुसरें कांहींही काम नसलेला, तें शिकलेला माणूस तेथें हवा. तो नसेल तर दुसरें ठिकाण शोधावें.

लिग्नोकेनबरोबर ॲड्रिनलिन मिसळलेलें असतें, हें ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतें. लिग्नोकेन रक्तवाहिन्या किंचित् रुंद करतें, त्यामुळें तें एकटें असतां लवकर वाहून जातें. ॲड्रिनलिननें रक्तवाहिन्या आंकुंचन पावतात. औषध जागेवर टिकतें, रक्तांत सावकाश जातें आणि रक्तस्रावही कमी होतो. आपल्याकडे तें बहुधा ऐशीं हजारांत एक भाग किंवा दोन लाखांत एक भाग एवढेंच असतें. तरीही सुई दिल्यानंतर मिनिट-दोन मिनिटें छातींत धडधडतें व हात थरथरतात, तें बरेचदां यामुळेंच. तें आपोआप ओसरतें. परंतु ज्यांस नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचें थायरॉइड ताब्यांत नाहीं, किंवा जे रक्तदाबासाठीं अथवा अर्धशिशीसाठीं प्रोप्रॅनोलोलसारख्या गोळ्या घेतात, त्यांच्या बाबतींत हेंच थेंबभर ॲड्रिनलिन विचारांत घ्यावें लागतें. प्रसंगीं तें अगदीं कमी करावें किंवा टाळावें लागतें. यासाठींच आम्ही "कोणतीं औषधें चालूं आहेत?" असें विचारतों. त्यावर "ती एक पांढरी गोळी, सकाळची" असें उत्तर येतें! गोळ्यांचें पाकीटच बरोबर आणलें तर केवढें काम होईल.

गर्भारपणाविषयींही हेंच. लिग्नोकेन गर्भवतीस वर्ज्य नाहीं; योग्य मात्रेंत तें देतां येतें, आणि पू झालेली दाढ तशीच ठेवण्यापेक्षां तें देणें श्रेयस्कर. पण सोबत चार माणसें असलीं, कीं नव्या सुनेस दिवस गेल्याचें सांगण्याचा संकोच वाटतो. घरच्यांनीं क्षणभर बाहेर बसावें, एवढाच त्यावर उपाय.

औषधाच्या मात्रेनंतर दुसरी गोष्ट म्हणजे सुई देण्याची रीति. खालच्या जबड्याच्या मज्जातंतूशेजारूनच शीर व रोहिणी जातात. सुईचें टोंक चुकून त्यांत शिरलें, तर एरवीं अगदीं योग्य असलेली मात्राही सरळ रक्तांत जाते. म्हणून सुई जागेवर पोहोंचल्यावर औषध ढकलण्यापूर्वीं पिचकारीचा दट्ट्या किंचित् मागें ओढून पाहावा लागतो. पिचकारींत रक्त दिसलें, तर जागा बदलावयाची. या ठिकाणीं शंभरांतून दहा-पंधरा वेळां तरी असें रक्त दिसतें, म्हणजे हा कांहीं कल्पनेंतील धोका नव्हे. त्यानंतर औषध सोडावयाचें तें सावकाश. एक मिलिलिटरला सुमारें एक मिनिट. घाईनें सोडलेलें औषध दुखतेंही अधिक. सुई देतांना ज्या दंतवैद्याचा हात रेंगाळतो, त्याला अनाडी समजूं नये. उलट चटकन् टोंचून मोकळा होणाऱ्याविषयीं मनांत थोडी शंका येऊं द्यावी.

सुईसंबंधीं आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं नळीऐवजीं तीस मिलिलिटरची कुपी वापरतात. कुपींत स्वतः कांहीं वाईट नाहीं, पण तिच्यांतून औषध काढतांना किती दिलें याची मोजदाद विसरण्याचा संभव अधिक. शिवाय एका रोग्याच्या तोंडांत गेलेली सुई पुन्हां कुपीच्या बुचांत खुपसली, तर काविळीसारखे रक्तांतून पसरणारे रोग पुढच्या सर्वांना पोंचूं शकतात. दर वेळीं पिचकारी व सुई दोन्ही नवीं पाहिजेत, आणि त्यांचें पाकीट आपल्या समोर फोडा असें म्हणण्याचा प्रत्येकास हक्क आहे.

मात्रा वाढत जाण्याचा एक मार्ग फार फसवा आहे, तो सांगितला पाहिजे. एक वृद्ध शिक्षक गाल सुजवून आले. दाढेच्या मुळाशीं पू झालेला. सुई दिली, पण बधिरता येईना. ते म्हणाले, "आणखी द्या, माझी कातडी जाड आहे." कातडीचा यांत कांहीं संबंध नव्हता. औषधास मज्जातंतूंत शिरण्यासाठीं ज्या रूपांत असावें लागतें, तें रूप अम्ल जागेंत फार थोडें उरतें. आणि पू झालेली जागा अम्ल असते. अशा ठिकाणीं पिचकारीमागून पिचकारी रिचविली, तरी दाढ जागीच राहते आणि औषध मात्र रक्तांत जमत जातें. त्या दिवशीं मीं पू वाहून जाण्यास वाट करून दिली, औषधें लिहून दिलीं, व चार दिवसांनीं बोलाविलें. चार दिवसांनीं एकाच सुईंत दाढ निघाली, आणि गुरुजींनीं कातडीविषयींचें आपलें मत परत घेतलें.

आतां घेरीविषयीं. सुई पाहून किंवा टोंचल्यावर माणूस पांढराफटक पडतो, घाम सुटतो व शुद्ध हरपते. ही औषधाची बाधा नव्हे. भीतीनें नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो व मेंदूस रक्त कमी पडतें, एवढाच तो प्रकार. खुर्ची सपाट करून पाय वर उचलले, कीं माणूस मिनिटभरांत बोलूं लागतो. परंतु घरीं त्याचें वर्णन "इंजेक्शन चढलें" असें होतें, आणि तो माणूस जन्मभर प्रत्येक डॉक्टरास "मला इंजेक्शन चालत नाहीं" असें सांगत राहतो. लिग्नोकेनची खरी वावडी फार विरळा. असलीच तर ती कधीं कधीं कुपींतील टिकाऊपणासाठीं घातलेल्या द्रव्याची असते. पूर्वीं कांहीं झालें असेल तर "चालत नाहीं" एवढें न सांगता नेमकें काय झालें तें सांगावें: अंगावर गांधी उठल्या कां, श्वास कोंडला कां, कीं नुसती घेरी आली? यांतील पहिल्या दोन गोष्टी गंभीर आहेत व त्यांची तपासणी करून घेतलीच पाहिजे.

घेरी येण्यास आपल्या घरांतील एक रीत मदत करते. "तोंडाचेंच काम आहे, मग खाऊन कशाला जा?" असें म्हणून लोक उपाशी येतात, संकष्टीचा उपास आहे, तर त्याच दिवशीं दाढही उरकूं, असा दुहेरी लाभ साधणारीही मंडळी मीं पाहिलीं आहेत. पूर्ण भूल द्यावयाची असेल तर पोट रिकामें लागतें, आणि तसें आधीं बजावलेलें असतें. नुसत्या बधिर करण्याच्या सुईसाठीं दोन तास आधीं हलकें जेवण करून यावें. मधुमेह असणारांनीं तर उपाशी येऊंच नये.

खरी विषबाधा झालीच तर काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, पण विचारावा. औषध ताबडतोब थांबविणें, श्वासमार्ग मोकळा ठेवणें, प्राणवायु देणें आणि आंचके आवरणें ही पहिली उपाययोजना. म्हणून दवाखान्यांत प्राणवायूचें नळकांडें व तें चालविण्याचें ज्ञान हवें. अमेरिकेंतील गाय वाइनबर्ग या डॉक्टरानें १९९८ सालीं उंदरांवरील प्रयोगांत असें दाखविलें, कीं शिरेंतून दिलेलें स्निग्ध पदार्थाचें दुधासारखें मिश्रण या जातीच्या औषधाच्या विषारी परिणामास उतारा ठरतें. २००६ सालीं त्यानें मनुष्याचे प्राण वांचल्याची पहिली हकीकत प्रसिद्ध झाली, आणि हल्लीं मोठ्या रुग्णालयांत तें तयार ठेवतात.

दवाखान्याबाहेर, खुद्द घरांतही, हें औषध असतें याचें स्मरण पुष्कळांना नसतें. दांत येतांना बाळ रडूं लागलें, कीं हिरड्यांवर चोळण्याची एखादी बधिर करणारी जेली औषधांच्या दुकानांतून आणली जाते. तीच जेली किंवा तिच्याच जातीचें दुसरें औषध! बाळ तें लाळेबरोबर गिळतें, घसा बधिर होऊन ठसका लागतो, आणि वजन सात-आठ किलोंचें असल्यामुळें मात्रा चढण्यास वेळ लागत नाहीं. लिग्नोकेनचें दाट द्रावण दांत येणाऱ्या बाळांस देऊं नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०१४ सालीं दिला. बेन्झोकेन या दुसऱ्या औषधानें रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति कमी होऊन बाळ निळें पडल्याचीं उदाहरणें घडलीं. तेव्हां २०१८ सालीं त्याच खात्यानें दोन वर्षांखालील मुलांस तें मुळींच लावूं नये असें बजावलें. दांत येणाऱ्या बाळास स्वच्छ धुतलेल्या बोटानें हिरडी चोळून द्यावी, किंवा गार पाण्यांत भिजवून पिळलेलें फडकें चावावयास द्यावें. आपल्या आज्या याहून अधिक कांहीं करीत नसत.

आपल्या पंधरा किलोंच्या बाळराजांकडे शेवटचें वळतों. त्या दिवशीं उजव्या बाजूच्या दोन दाढा २.६ मिलिलिटर औषधांत निघाल्या. तो आकडा मीं कागदावर लिहून आईच्या हातीं दिला. दाढेची बधिरता तासाभरांत जाते. पण ओठ, गाल व जीभ यांची तीन ते पांच तास टिकते, आणि त्या वेळांत मुलें तो गमतीचा, परका वाटणारा ओठ चावीत बसतात. हें मीं आईस समजावून सांगितलें होतें. आजीस सांगितलें नव्हतें, ही चूक माझी. आई दुपारीं सामान बांधण्यांत गुंतली, आजीनें उपाशी नातवास लाडानें भाकरीचा तुकडा दिला, आणि भाकरीबरोबर त्यानें आपला खालचा ओठही चावून घेतला. दुसरे दिवशीं सकाळीं मामांचा फोन: ओठ टमटमीत सुजला आहे, वर पांढरा थर आला आहे, पू झाला असेल तर काय करावें? तो पू नव्हता. चावलेल्या जखमेवर तसा पांढरा थर येतोच, आणि आठवड्याभरांत तो जातो. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा व ओठास थोडें साजुक तूप एवढें पुरलें. मामांनीं मात्र तिकिटें आठ दिवस पुढें ढकलून घेतलीं.

डाव्या बाजूच्या वेळीं मीं आजीबाईंनाच समोर बसवून सारें सांगितलें. संध्याकाळीं साडेसहापर्यंत त्यांनीं नातवास मांडीवरून हलूं दिलें नाहीं. आमरसाची वाटी समोर झांकून ठेवलेली होती. दर अर्ध्या तासानें त्या त्याच्या ओठास बोट लावून "कळतें कां रे?" असें विचारीत, आणि तो खरें तेंच सांगे. "आतां कळतें" असें तो म्हणाला, तेव्हां वाटीवरील झांकण निघालें.